सांगलीतल्या स्पर्धेत मोबाईल लावून गोल तपासता येईल का? जाणकारांनी सांगा

विश्रामबाग_११

नमस्कार मंडळी. आमचं मंडळ गेली सहा वर्षं जानेवारीत फुटबॉलची स्पर्धा घेतंय, सोळा संघ, नॉकआऊट. मिरज, कुपवाड, जयसिंगपूर, इचलकरंजी इथनं पोरं येतात, कोल्हापूरचे एकदोन संघ पण येतात आणि ते आले की त्या दिवशी ग्राउंडला पाय ठेवायला जागा नसते. गेल्या वर्षी फायनलला जे झालं त्यावरनं अजून आमच्यात दोन गट आहेत, म्हणून विचारतोय.

१-१ होतं, शेवटची पाच-सात मिनिटं. आमच्या पोरानं कॉर्नरवर हेडर मारला, बॉल वरच्या बारला लागला, सरळ खाली पडला आणि उसळून बाहेर आला. मी गोलच्या मागं जाळीला चिकटून उभा होतो. बॉल फक्कीच्या आत पडला हे मी डोळ्यानं बघितलं. रेफ्री अठरा यार्डाच्या बाहेर, लाईनमन ऑफसाइडच्या रेषेत मागं राहिलेला, शिट्टी वाजलीच नाही. मग टायब्रेकर आणि आम्ही हरलो. मॅच संपल्यावर मी आत जाऊन बघितलं तर काळ्या मातीत बॉलचा गोल ठसा तसाच होता, फक्कीपासनं बरोब्बर चार बोटं आत. बोटं लावून फोटो पण काढलाय. त्यानंतर जी भांडणं झाली ती सांगत नाही, रेफ्री मानधन न घेता निघून गेले एवढंच सांगतो.

तर या वर्षी मंडळात असं ठरतंय की दोन्ही गोलजवळ मोबाईल लावायचे आणि वाद झाला की रेफ्रीनं येऊन बघायचं, म्हणजे आपलं गावठी व्हीएआर (व्हिडिओ असिस्टंट रेफ्री). बजेट वर्गणीचं आहे, फार तर दहा-बारा हजार यासाठी काढता येतील. हे जमतं का, मोठ्या मॅचला नक्की कसं करतात, कुणी केलंय का आपल्या भागात, जे माहीत असेल ते सांगा.

कृष्णाकाठ

भावा डोळे झाकून करा. आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आपण अजून आरडाओरडा करून गोल ठरवतोय.

११ जून २०२४ आठवतोय का, दोहात भारत विरुद्ध कतार, वर्ल्डकपची पात्रता फेरी. आपल्या छांगतेनं गोल मारला, आपण १-० पुढं, जिंकलो तर पहिल्यांदा पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत. ७३ व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतनं बॉल अडवला, बॉल सरपटत गोललाईनच्या बाहेर गेला, आपली पोरं गोलकिक म्हणून थांबली आणि कतारच्या माणसानं तो पायानं आत ओढला, दुसऱ्यानं जाळीत मारला, रेफ्रीनं गोल दिला. टीव्हीवर दहा वेळा दाखवलं, बॉल आख्खा बाहेर. पण त्या फेरीत व्हीएआर ठेवलेलंच नव्हतं. २-१ नं हरलो, संपलं. आपला कॅप्टन छेत्री पाच दिवस आधी रिटायर झालेला, ते दुःख वेगळंच. मी रात्रभर झोपलो नाही आणि सकाळी कामावर कुणाशी बोललो पण नाही. एक कॅमेरा, फक्त एक कॅमेरा आणि तो बघायची परवानगी, एवढंच पाहिजे होतं. म्हणून म्हणतो, लावा.

शिट्टी_सातारा

मी सातारा भागात बारा-तेरा वर्षं रेफ्री म्हणून उभा राहतोय, त्यामुळं थोडं दुसऱ्या बाजूनं लिहितो, राग मानू नका.

आधी नियमाचं सांगतो. व्हीएआर २०१८ ला नियमपुस्तकात आलं आणि त्याच वर्षी रशियाच्या वर्ल्डकपला वापरलं. ते वापरायला संयोजकांना फिफाची लेखी परवानगी लागते. म्हणजे तुमची स्पर्धा संघटनेशी संलग्न असेल तर मंडळानं मोबाईल लावला म्हणून रेफ्री जाऊन तो बघू शकत नाही. स्पर्धा मंडळाची स्वतःची असेल तर तुम्ही नियम करा, पण तो आधी कागदावर लिहा आणि सोळाही कॅप्टनच्या सह्या घ्या. भर मॅचमध्ये मोबाईल घेऊन आत धावत येणारा माणूस मी पाहिलाय, त्यानं न्याय होत नाही, हाणामारी होते.

दुसरं, व्हीएआर म्हणजे सगळं तपासायचं असं नाही. आलं तेव्हा ते चारच गोष्टींसाठी होतं, गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दाखवलं तर. त्यात पण चूक ढळढळीत असली पाहिजे. आणि खेळ एकदा परत सुरू झाला की मागचा गोलचा निर्णय बदलता येत नाही, ही गोष्ट तुमच्या नियमात पहिल्या ओळीत घाला.

तिसरं, मशीन बरोबर असून माणसं चुकतात. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅचला लुईस डियाझनं गोल मारला, लाईनमननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. आतल्या खोलीत तपासलं तर गोल बरोबर होता. पण खोलीतल्या माणसाला वाटलं की मैदानात गोल दिलेलाच आहे, म्हणून तो म्हणाला तपासणी पूर्ण, आणि मैदानावरच्यांनी त्याचा अर्थ घेतला की ऑफसाइड कायम. चूक कळेपर्यंत खेळ सुरू झालेला. नंतर त्यांचं बोलणं ऐकवलं होतं, अंगावर काटा येतो ऐकून. एवढे पैसे, एवढे कॅमेरे आणि चूक कुठं, तर एका वाक्यात. त्यामुळं तुम्ही जे कराल त्यात कुणी कुणाला काय शब्दात सांगायचं हे आधी ठरवा. "गोल आहे" किंवा "गोल नाही", एवढंच. "ओके" "बरोबर आहे" असले शब्द नकोत.

एक उपयोगाचं सांगतो. फिफानं २०२४ ला मुलींच्या ज्युनियर वर्ल्डकपला एक स्वस्तातली पद्धत वापरून बघितली, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट नावाची. त्यात वेगळी खोली नाही, आत बसलेली माणसं नाहीत. प्रत्येक कोचला दोन दाद मागायच्या संधी, क्रिकेटच्या डीआरएससारख्या, दाद बरोबर निघाली तर संधी शिल्लक राहते. रेफ्री स्वतः कडेला येऊन स्क्रीनवर बघतो आणि ठरवतो. थोडे कॅमेरे असलेल्या स्पर्धांसाठीच ती काढलीय. तुम्हाला काही उचलायचं असेल तर ते उचला.

आणि त्या रेफ्रीला मानधन पोचवा. तो कुठं उभा होता ते तुम्हीच लिहिलंय, कॉर्नरला तिथंच उभं राहायचं असतं.

कुस्ती_लाईव्ह_मिरज

माझा धंदा व्हिडिओचा, लग्नं आणि यात्रेतली कुस्तीची मैदानं यूट्यूबवर लाईव्ह करतो, फुटबॉल खेळलोय पण शाळेपुरतंच. कॅमेऱ्याचं मात्र नक्की सांगू शकतो कारण कुस्तीत पण हेच भांडण असतं, पाठ लागली का नाही लागली.

साधा मोबाईल सेकंदाला ३० फोटो काढतो असं धरा. जोरात मारलेला बॉल ताशी ९० किलोमीटरनं जातो म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भागाकार करा, एका फोटोपासनं दुसऱ्या फोटोपर्यंत बॉल ८३ सेंटीमीटर पुढं गेलेला असतो. बॉलची जाडी साधारण २२ सेंटीमीटर. म्हणजे बॉल लाईन ओलांडून गोलकीच्या हातातनं परत आला तरी तुमच्या व्हिडिओत तो क्षण नसणारच. एका फोटोत बॉल लाईनच्या अलीकडं, पुढच्यात हातात. आणि मग लोक त्या दोन फोटोंवरनं परत भांडणार. स्लो मोशन २४० वर लावलं तर तेच अंतर १० सेंटीमीटरवर येतं, मग कायतरी अर्थ आहे. पण स्लो मोशननं मेमरी झपाझप भरते आणि फोन तापतो, त्यामुळं बॉल त्या अर्ध्यात आला की चालू करायचं आणि गेला की बंद, यासाठी प्रत्येक फोनला एक शहाणा पोरगा लागेल जो मॅच बघत बसणार नाही.

आता जागा. सगळे जण गोलच्या मागं नाहीतर कॉर्नरच्या आसपास कुठंतरी फोन लावतात आणि तिरक्या कोनातनं बघून गोल झाला म्हणतात. तिरकं बघितलं की हवेतला बॉल नेहमी फसवतो. फोनची लेन्स लाईनच्या मागच्या कडेच्या बरोबर रेषेत पाहिजे, म्हणजे गोलच्या जाळीकडची कड. सुतार-गवंड्याकडनं दोरी आणि ओळंबा आणा. आधी खांबाला ओळंबा सोडून खांब सरळ आहे का बघा कारण आपल्या ग्राउंडवरचे निम्मे पाईप वाकलेले असतात, मग खांबाच्या मागच्या कडेपासनं कॉर्नरच्या पलीकडं दोरी ताणा आणि दोरीच्या टोकावर ट्रायपॉड. असं लावलं की व्हिडिओत खांबाची मागची कड हीच लाईन. बॉल आख्खा त्या कडेच्या पलीकडं सुटा दिसला तर गोल, खांबाआड थोडाजरी गेलेला दिसला तर नाही. दोन्ही बाजूनं एकेक फोन म्हणजे चार फोन लागतात, कारण गोलकीचं अंग मध्ये आलं की एका बाजूनं काही दिसत नाही.

मोठ्या ठिकाणी हेच करतात पण प्रत्येक गोलला सात सात कॅमेरे, वरनं, छपराखालनं. २०१४ च्या ब्राझील वर्ल्डकपला एका ग्राउंडवर १४ होते. कॉम्प्युटर सगळ्यांचं मिळून बॉल कुठं आहे ते काढतो आणि एका सेकंदात रेफ्रीच्या घड्याळात थरथर होते, गोल. फ्रान्स-होंडुरास मॅचला बेन्झेमाचा शॉट खांबाला लागून होंडुरासच्या गोलकीच्या अंगाला लागला आणि लाईनच्या जरासा आत गेला, वर्ल्डकपमध्ये मशीननं दिलेला तो पहिला गोल.

आता एक कडू बोलतो. तुझा चार बोटांचा फोटो. बॉल आख्खा लाईनच्या पलीकडं गेला तरच गोल. बॉलची त्रिज्या ११ सेंटीमीटर. म्हणजे बॉल जमिनीला जिथं टेकला त्याचा मध्य लाईनच्या मागच्या कडेपासनं ११ सेंटीमीटरच्या पुढं पाहिजे. चार बोटं म्हणजे सात-साडेसात सेंटीमीटर. तू चार बोटं ठशाच्या मधोमध मोजलीस का ठशाच्या कडेपर्यंत? मधोमध असेल तर तो गोल नव्हता, बॉलचा पोटाचा भाग लाईनच्या वर होता. कडेपर्यंत असेल तर ठसा किती रुंद ते सांग, मग बोलू.

विश्रामबाग_११

फोटो परत उघडून बघितला. बोटं फक्कीपासनं ठशाच्या अलीकडच्या कडेपर्यंत आहेत. ठसा शेजारच्या काडेपेटीवरनं अंदाज घेतला तर आठ सेंटीमीटरच्या आसपास रुंद वाटतोय, बॉल दाबला गेला असणार.

कुस्ती_लाईव्ह_मिरज

सात अधिक चार, अकरा. किंवा साडेसात अधिक चार, साडेअकरा. आणि फक्की हातानं टाकलेली, तिची कड सरळ नाही, एकदोन सेंटीमीटर इकडं तिकडं सहज. भावा, तो गोल होता का नाही हे त्या फोटोवरनं देव पण सांगू शकणार नाही.

डावी_विंग

मी कराडला मुलींना शिकवते, वर्षभर हा धागा वाचल्यासारखं वाटलं इतकी भांडणं ओळखीची आहेत.

गोललाईनचं वर आलंच आहे पण कुणीतरी मंडळात ऑफसाइड पण, म्हणजे पास सुटताना पुढचा खेळाडू शेवटच्या डिफेंडरच्या पुढं होता का ते, मोबाईलवर बघू म्हणणार हे नक्की, म्हणून आधीच सांगते, त्याच्या नादाला लागू नका. पळणारी मुलगी सेकंदाला सात मीटर जाते आणि डिफेंडर उलट्या दिशेनं तेवढीच, म्हणजे सेकंदाला ५० फोटोंचा चांगला कॅमेरा असला तरी दोन फोटोंच्या मध्ये दोघींतलं अंतर २८ सेंटीमीटरनं बदलतं. पास नेमका कधी सुटला हेच पकडता येत नाही. कतारच्या वर्ल्डकपला २०२२ ला यासाठी छपराखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा मोजायचे आणि शिवाय बॉलच्या आत मधोमध सेन्सर, तो सेकंदाला ५०० वेळा सांगायचा की बॉलला कधी धक्का लागला. पहिल्याच मॅचला तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरचा गोल त्यावर रद्द झाला. युरो २०२४ ला तर त्याच सेन्सरनं हाताला लागलेला बॉल पण पकडला, बेल्जियमच्या लुकाकूचा गोल गेला कारण आधी ओपेंडाच्या हाताला बॉल चाटून गेला होता, टीव्हीवर क्रिकेटच्या अल्ट्राएजसारखा आलेख दाखवला. हे बघायला मला फार आवडतं, खोटं बोलणार नाही. पण पायाच्या अंगठ्यावर गोल रद्द होतो तेव्हा मुली विचारतात की सर्वांना दिसलाच नाही असा ऑफसाइड म्हणजे काय, आणि माझ्याकडं चांगलं उत्तर नसतं.

माझा सल्ला वेगळा आहे. चार फोन लावताय तर पाचवा फोन उंचावर लावा, गॅलरी नाहीतर शेजारच्या गच्चीवर, सगळं ग्राउंड येईल असा, आणि आख्खी मॅच साध्या स्पीडवर घ्या. मॅच झाली की दोन्ही संघांना व्हिडिओ द्या. मोठे क्लब अंगात जीपीएसचं बनियन घालतात, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये डबी असते, कोण किती पळलं ते सगळं कळतं. ते आपल्याला परवडत नाही, पण वरनं काढलेला व्हिडिओ फुकट आहे. मी गेल्या पावसाळ्यात शाळेच्या गच्चीवरनं काढला आणि मुलींना दाखवला. आमच्या सगळ्या मुली बॉलच्या भोवती गोळा होत होत्या आणि उजवीकडची अर्धी जागा रिकामी. मी तोंडानं दोन वर्षं सांगत होते, त्यांना ते दहा मिनिटात दिसलं. एक नववीतली मुलगी म्हणाली, "मॅडम मी कुठंच नाही की." ती तेव्हापासनं रेषेला धरून खेळते.

कृष्णाकाठ

हे लय भारी लिहिलंय मॅडम.

कुस्तीवाल्या भाऊंचा हिशोब वाचून माझा पण आवाज खाली आला. कतारची मॅच वेगळी, तिथं बॉल स्पष्ट बाहेर होता.

शिट्टी_सातारा

कुस्तीवाल्यांनी ओळंब्याचं सांगितलं ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, पुढच्या स्पर्धेला मी स्वतः खांब तपासणार.

एक राहिलं. मोबाईल नसला तरी गोललाईनवर एक माणूस उभा करा असं सुचवणार होतो, युरोपात तो प्रयोग काही वर्षं चालला. पण युरो २०१२ ला युक्रेन-इंग्लंड मॅचला तो जादाचा पंच लाईनवर उभा असताना इंग्लंडच्या टेरीनं बॉल लाईनच्या आतनं बाहेर काढला आणि गोल मिळाला नाही, त्यानंतर महिन्याभरातच गोललाईनच्या मशीनला परवानगी दिली. त्याआधी २०१० च्या वर्ल्डकपला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा गोल गेलाच होता, जर्मनीविरुद्ध, तो तर तुमच्यासारखाच, बारला लागून खाली, फक्त हातभर आत. तरी पण माणूस उभा करा. चार वादांतले तीन तिथं उभ्या असलेल्या जाणत्या माणसामुळं होतच नाहीत, कारण लोकांना दिसतं की कुणीतरी बघत होतं.

विश्रामबाग_११

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला, अकरा सेंटीमीटरच्या ठिकाणी दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

ठरलं ते असं. ऑफसाइड, पेनल्टी, हाताला बॉल, काहीच तपासायचं नाही, फक्त गोललाईन. प्रत्येक कोचला मॅचमध्ये एकच संधी, बरोबर निघाली तर राहणार. व्हिडिओत आख्खा बॉल सुटा दिसला तरच निर्णय बदलायचा, नाही दिसला तर रेफ्रीचा पहिला निर्णय कायम. खेळ सुरू झाला की विषय बंद. कॅप्टनच्या सह्या ड्रॉच्या दिवशी. गोललाईनवर दोन्हीकडं जुने खेळाडू उभे करणार, पण खेळणाऱ्या संघांच्या गावचे नाहीत. पाचवा फोन पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर.

परवा रविवारी सकाळी दोन फोन लावून प्रयोग केला. गवंडीकाकांनी ओळंबा सोडला तर उत्तरेकडचा डावा खांब वर जाईपर्यंत तीन बोटं आत झुकलेला निघाला. म्हणजे गेल्या वर्षी कोण काय बघत होतं काय माहीत. तो काढून परत सिमेंटमध्ये बसवतोय. दुसरी अडचण ऊन, साडेचारनंतर पश्चिमेकडं तोंड असलेल्या फोनमध्ये सगळं पांढरं दिसतं, म्हणून फायनल तीनला घेतोय.

आणि मी काल त्या रेफ्रींच्या घरी जाऊन आलो. गेल्या वर्षीचं मानधनाचं पाकीट दिलं आणि माफी मागितली. आधी घेत नव्हते. मग फोटो आणि अकरा सेंटीमीटरचा हिशोब दाखवला, त्यांनी बराच वेळ फोन हातात धरला आणि म्हणाले, मला पण त्या रात्री झोप नव्हती. या वर्षी येतो म्हणालेत, फक्त खांब बसवून झाले की आदल्या दिवशी स्वतः येऊन बघणार.

ट्रायपॉड दोन मिळालेत, अजून तीन पाहिजेत, सांगली-मिरजेत कुणाकडं असतील तर चार दिवसांसाठी द्या, येऊन घेऊन जाईन. २४० वर शूट होणारा फोन पण एक कमी आहे.

कुस्ती_लाईव्ह_मिरज

तीन ट्रायपॉड माझे घे, फोन पण देतो. फायनलला मी स्वतः दक्षिणेच्या गोलला बसतो, त्या आठवड्यात लग्न नाही.